स्वाभिमान आणि दीड हजार

२०२४ ची भाऊबीज. अण्णामामा दरवर्षीसारखे सांगलीहून दुपारच्या जेवणाला तासगावला आले होते. आईनं ओवाळलं, त्यांनी ताटात पाकीट ठेवलं आणि मग स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन शालनमावशीला हाक मारली. मी शाळेत होते तेव्हापासून शालनमावशी आमच्याकडे धुण्याभांड्याला येते, आणि मामांची एक ओवाळणी तिचीही ठरलेली असते. तिनं ओले हात पदराला पुसले, पाकीट कपाळाला लावलं आणि म्हणाली, "यंदा माझं दोन भाऊ झालं, अण्णा. एक तुमी, आन् एक मुंबईत बसल्यालं. त्येनं आदीच पाठीवलं, दोन म्हैन्याचं एकदम." सरकारच्या लाडकी बहीण योजनेचे महिन्याला दीड हजार तिला त्या वर्षी मिळायला लागले होते. सगळे हसले. मामा सगळ्यांत मोठ्यानं. मिशीवरचा करंजीचा भुगा झटकत ते म्हणाले, "बघा, याला म्हणतात सन्मान. बाईच्या हातात स्वतःचा पैसा आला की तिचा स्वाभिमान जागा होतो."

मी जिलेबीचा तुकडा तोंडात धरून बसले. मला २०२२ चा जुलै आठवला. बुंदेलखंड एक्स्प्रेस वेच्या उद्घाटनाला पंतप्रधानांनी 'रेवडी' वाटण्यावर टीका केली आणि पुढचे दोन आठवडे आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी दुसरा विषय येऊ दिला नाही. दिल्लीतली फुकट वीज, फुकट पाणी, श्रीलंकेचं काय झालं बघा, करदात्यांच्या खिशाला भोक. त्यातला त्यांनी स्वतः टाइप केलेला एक मेसेज माझ्या चांगला लक्षात आहे, कारण बाकीचे सगळे पुढे ढकललेले होते. त्यात त्यांनी लिहिलं होतं की फुकटची सवय लागली की माणसाचा स्वाभिमान मरतो. म्हणून मी भाऊबीजेच्या ताटावर, थोडं चिडवायला आणि थोडं खरंच, विचारलं, "मामा, मग रेवडीचं काय झालं?"

मामा गडबडले नाहीत. "रेवडी म्हणजे ऐतखाऊंना वाटणं," ते म्हणाले. "हे घरातल्या लक्ष्मीच्या हातात दिलंय. ती काय दारू पिणार आहे का? पोराबाळांवरच घालणार. ही गुंतवणूक आहे." आणि त्यांनी आईला अजून एक करंजी मागितली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. पकडलं गेल्याची चुळबुळ, डोळे चुकवणं, आवाज चढवणं, यांतलं काहीतरी मला हवं होतं.

काहीही नव्हतं. माणूस खरं बोलत होता.

तेच मला त्या दिवसापासून सलत राहिलं. मामा ढोंगी असते तर विषय तिथंच मिटला असता. आपल्या राजकारणाला ढोंगाचं काय कौतुक. पण मी या माणसाला लहानपणापासून बघते आहे. बँकेत असताना हंगामात कुणी बागायतदार द्राक्षाची पेटी घेऊन घरी आला तर मामी त्याला चहा द्यायची आणि मामा पेटी परत त्याच्या गाडीवर ठेवून यायचे. आता त्यांनी सत्तरी ओलांडली आहे, एसटीत त्यांना अर्धं तिकीट आहे, तरी ते पूर्ण तिकीट मागतात. यावरून कंडक्टरशी वाद होतो. "आजोबा, माझ्या मशीनला सवय नाही हो अशा माणसाची," असं एकजण म्हणाल्याचं ते स्वतःच रंगवून सांगतात. फुकटचं घ्यायचं नाही ही त्यांच्यासाठी भाषणात टाकायची गोष्ट नाही, ती त्यांच्या खिशातून रोज थोडे पैसे काढते. आणि पस्तीसेक वर्षं एकाच पक्षाचं काम: मतदारयाद्यांची पानं, स्लिपा, मतदानाच्या दिवशी टेबल, पावसात भिजलेले झेंडे गच्चीवर वाळत घालणं. त्या कामातही त्यांनी कधी काही घेतलेलं नाही.

दुसऱ्या बाजूलाही मला असाच एक माणूस माहीत आहे. माझा कॉलेजातला मित्र, आघाडीच्या बाजूचा. त्याचं सगळं बोलणं हक्कांच्या भाषेत असतं. २०२३ मध्ये शेजारी कर्नाटकात गृहलक्ष्मी सुरू झाली, घरातल्या कर्त्या बाईला महिन्याला दोन हजार, तेव्हा मिरजेहून पलीकडे जाऊन त्यानं अथणीच्या बायकांचे व्हिडिओ काढून आणले होते. त्यातली एक म्हातारी नोटा मोजता मोजता हसत होती आणि याच्या डोळ्यांत पाणी. पण २०२४ च्या जूनअखेरीस आपल्या विधिमंडळात लाडक्या बहिणीची घोषणा झाली तेव्हा हाच माणूस म्हणाला, "ही लाच आहे. बायकांचा स्वाभिमान दीड हजारात विकत घेतायत." मी म्हटलं, अथणीतला स्वाभिमान दोन हजारांत का नाही विकला गेला? तो म्हणाला, तिकडे तो जाहीरनाम्यातला शब्द होता, इकडे लोकसभेला सतराच जागा मिळाल्यावर आलेली उपरती आहे. यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण मग नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात महायुतीनं एकवीसशेची घोषणा केली, दुसऱ्याच दिवशी मुंबईत आघाडीनं तीन हजारांची, आणि मित्राच्या स्टेटसवर पुन्हा तीच भाषा: हक्क, प्रतिष्ठा, स्वाभिमान. लाच हा शब्द चार महिने काम करून रजेवर गेला होता.

गंमत म्हणजे हा मित्र पक्षाचं सगळं मुकाट ऐकणारा नाही. त्याच वर्षी लोकसभेला सांगलीत आघाडीचा अधिकृत उमेदवार एक होता आणि वसंतदादांच्या घरातले विशाल पाटील अपक्ष उभे होते. हा उघडपणे अपक्षाच्या प्रचारात होता, आणि अपक्ष निवडून आला. म्हणजे वरून आलेला आदेश मोडायची ताकद त्याच्यात आहे. उमेदवाराच्या बाबतीत मोडतो, मताच्या बाबतीत मोडत नाही. का? उमेदवार लादला गेला की तो लादलेला दिसतो. मत लादलं गेलं तर ते आपल्याच आतून आल्यासारखं वाटत असावं.

या प्रश्नावर आयुष्य घालवलेली माणसं आहेत हे मला नंतर वाचताना कळलं. शालोम श्वार्ट्झ नावाच्या इस्रायली मानसशास्त्रज्ञानं माणसांची मूल्यं दहा गटांत मांडली: सुरक्षितता, परंपरा, परोपकार, स्वायत्तता वगैरे. कितीतरी देशांत लोकांना छोटी वर्णनं वाचून दाखवली, 'या माणसाला वाटतं की सगळ्यांना सारखी संधी मिळावी', आणि विचारलं, हा तुमच्यासारखा आहे का? अशा उत्तरांवरून माणसाची राजकीय मतं ओळखता येतात का, हे तपासणाऱ्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. ज्यांना राजकारणात रस आहे, जे वाचतात, वाद घालतात, मोर्चाला जातात, त्यांची मूल्यं आणि मतं एकमेकांना घट्ट बांधलेली असतात. बाकीच्यांची सैल. त्याच्याही कितीतरी आधी, १९६४ मध्ये, फिलिप कॉन्व्हर्स या अमेरिकन अभ्यासकानं दाखवलं होतं की एखाद्या विचारसरणीच्या आधारानं नीट मतं बांधणारी माणसं त्याच्या पाहणीत शंभरात तीनही भरत नव्हती. बाकी जनता एका प्रश्नावर इकडे आणि दुसऱ्यावर तिकडे, आणि दोन वर्षांनी तोच प्रश्न विचारला तर तिसरीकडेच.

हे वाचून कार्यकर्त्यांचा अभिमान वाटायला हरकत नाही. ज्याला राजकारण कळतं तो आपल्या मूल्यांशी इमान राखून मतं बनवतो, असा त्याचा सरळ अर्थ लागतो. मामांनाही तो फार आवडला असता. पण २००३ मध्ये जेफ्री कोहेन यानं अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला, आणि योगायोग असा की तोही गरिबांना सरकारनं द्यायच्या पैशांबद्दलच होता. एक योजना सढळ हाताची, एक अगदी चिकट. विद्यार्थ्यांना ती वाचायला दिली आणि सोबत सांगितलं की तुमच्या पक्षाचा तिला पाठिंबा आहे. सढळ योजना आवडायला हवी होती अशांनी पक्षाचं नाव बघून चिकट योजना उचलून धरली, आणि कडक शिस्तीच्या बाजूच्यांनी सढळ. इथपर्यंत कुणालाच नवल वाटणार नाही. मला थांबवलं ते पुढच्यानं. का आवडली असं विचारल्यावर त्यांनी योजनेतले गुण सांगितले, आपली मूल्यं सांगितली. पक्षाचा प्रभाव? तो दुसऱ्यांवर पडतो, विशेषतः विरोधकांवर.

भाऊबीजेच्या ताटावर मी जो चेहरा बघत होते तो हाच.

गावाकडे रस्त्यानं बैल घेऊन चाललेला माणूस लांबून दिसतो तेव्हा मधलं दावं ताणलेलं असतं एवढंच आपल्याला कळतं. माणूस बैलाला ओढतोय की बैल माणसाला, हे जवळ गेल्याशिवाय समजत नाही. मामांच्या स्वाभिमानाचं आणि मतांचं दावं मला आयुष्यभर ताणलेलंच दिसत आलं, आणि मी धरून चालले होते की पुढे स्वाभिमान आहे. २०२२ आणि २०२४ च्या मध्ये कुठंतरी, बहुधा मध्य प्रदेशात लाडली बहना आली आणि तिचा निवडणुकीत गुण आला तेव्हा, मतानं वळण घेतलं. दावं सैल पडलं नाही. स्वाभिमानच वळून मागोमाग आला. मामांना वळण जाणवलंही नसेल, कारण हातातला ताण तसाच होता.

एवढ्यावर हा लेख संपवला असता तर तो राजकारणापासून चार हात लांब राहणाऱ्या पुण्यातल्या माणसांना फार आवडला असता. माझ्या ऑफिसात असे पुष्कळ आहेत. "सगळे सारखेच" म्हणून ते डबा उघडतात. त्यांच्या बाजूनं लिहायची मला इच्छा नाही, आणि त्याचं कारण मणेराजुरीचे माझे काका आहेत.

काकांच्या शर्टावर लाल बिल्ला मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं होतं की त्यांना कुठलं तरी बक्षीस मिळालंय. ते शेतकरी संघटनेचे. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही ओळ त्यांच्या द्राक्षबागेच्या शेडवर चुन्यानं लिहिलेली होती आणि पावसानं फक्त 'दाम' उरला होता. काका सातवी शिकलेले. शेतकऱ्यानं कुणापुढे हात पसरू नये हे त्यांना त्यांच्या बापानंच शिकवलं होतं; त्यासाठी कुठल्या संघटनेची गरज नव्हती. पण हात पसरायचा नाही इथपासून सरकारनं आपल्या मालाचे भाव पाडू नयेत, निर्यातबंदी घालू नये, अनुदानही देऊ नये आणि बाजारातून बाजूला व्हावं इथपर्यंतची वाट माणूस एकटा बांधावर बसून शोधत नाही. ती संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या सभांतून आली. चाकणच्या कांदा आंदोलनापासून, रात्रीच्या शिबिरांतून, ट्रकच्या हौद्यात उभं राहून केलेल्या प्रवासांतून. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक व्यापार खुला करण्याचा डंकेल प्रस्ताव आला तेव्हा देशातले बहुतेक शेतकरी नेते त्याच्या विरोधात होते आणि जोशी बाजूनं. आमचे काका, ज्यांना जिनिव्हा कुठं आहे हे माहीत नव्हतं, पानाच्या टपरीवर डंकेलची बाजू मांडत होते आणि लोक त्यांना परदेशी कंपन्यांचा माणूस म्हणत होते. मला स्वतःला त्यांचा तो निष्कर्ष आजही पटत नाही. एका गारपिटीत सगळी बाग झोपते तिथं नुसत्या बाजारावर सोडून कसं चालेल? पण त्यांच्या मतांची मुळं दिसत होती. आणि संघटनेनं लक्ष्मीमुक्ती म्हटलं, जमीन बायकोच्या नावावर करा म्हटलं, तेव्हा काकांनी एक एकर काकूच्या नावावर केली. भावकीतल्या लोकांनी त्यांची टिंगल केली, त्यात माझे वडीलही होते. सातबारावर काकूचं नाव आलं त्या दिवशी तिनं काय केलं असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "काय करायचं? गवत काढायला गेले. पण आपल्या बांधावरचं काढलं."

आता काकांच्या खात्यात किसान सन्मान निधीचे दोन हजार येतात, वर राज्याचे महासन्मानाचे. (पैसे वाटायच्या योजनेच्या नावात सन्मान घातल्याशिवाय आपल्याकडे फाइल हलत नसावी.) काका ते घेतात. घेताना कुरकुरतात. "कांद्याची निर्यात अडवून लाख रुपये काढून घ्यायचे आणि दोन हजार परत द्यायचे," असं म्हणत बँकेतून बाहेर येतात. हे पैसे केंद्रातल्या कुठल्याही सरकारनं दिले असते तरी त्यांनी हेच म्हटलं असतं याची मला खात्री आहे. मामा आणि काका, दोघंही गळ्यापर्यंत राजकारणात बुडालेले. तरी एकाच्या बाबतीत मला ही खात्री आहे आणि दुसऱ्याच्या बाबतीत नाही. हा फरक कुठून येतो हे मला नीट सांगता येत नाही. काकांची संघटना सत्तेच्या जवळपास फारशी गेली नाही, तेव्हा तिला वळणं घेण्याची गरजच पडली नाही, असंही असेल. जिंकणाऱ्या पक्षात राहून पंचवीस वर्षं एकच मत टिकवणं हे हरणाऱ्या संघटनेत राहून टिकवण्यापेक्षा अवघड असणार. मामांना ही सवलत द्यायला हवी.

आणि शालनमावशीची सासू. ती आता नाही. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला होती. मिलोची लाल भाकरी, सुकडीचा वास, हाताला पडलेले घट्टे, हे सगळं ती अशा थाटात सांगायची की जणू ती एखादी जत्रा होती. त्याच दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली. तिचे जनक वि. स. पागे आमच्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, आणि तिचा पहिला छोटा प्रयोगही १९६५ च्या सुमारास त्याच भागात झाला होता, हे आमच्या शाळेत दर वर्षी कुणीतरी पाहुणा सांगायचाच. कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला, १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी लागू झाला. त्याच्या खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. माझ्या पगारातून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे जातात ते तिथून सुरू झालेले. मामांच्या पगारातूनही नोकरीभर गेले. करदात्यांच्या खिशाला भोक म्हणणाऱ्या मामांनी त्याबद्दल चकार शब्द काढल्याचं मला आठवत नाही. विचारलं तर म्हणाले, "ते वेगळं. ते घाम गाळून घेत होते."

सासूबाई घाम गाळत होत्याच, पण तेवढ्यावर थांबल्या नव्हत्या. काम मागितलं की पंधरा दिवसांत मिळालं पाहिजे, नाही मिळालं तर भत्ता, हे त्या निरक्षर बाईला तोंडपाठ होतं. कामावर लाल झेंड्याची माणसं येऊन बसायची, त्यांनी शिकवलं होतं. मोजमाप कमी लावलं म्हणून बायकांनी तहसील कचेरीच्या पायऱ्या अडवल्या त्यात ती पुढे होती. मामांच्या घरी, काकांच्या घरी आणि तिच्या झोपडीत शिकवण एकच: मागून खायचं नाही. काकांना संघटनेनं त्यातून सांगितलं की म्हणून सरकारकडे काही मागू नका. हिला युनियननं त्यातून सांगितलं की काम मागणं म्हणजे भीक नव्हे, ते कायद्यानं तुझं आहे, घे. एकाच शिकवणीतून दोघांनी गाठलेली टोकं एकमेकांच्या विरुद्ध. मूल्य माणसाला उठवून उभं करत असेल, पण जायचं कुठं हे त्याला शेजारी उभे असलेले लोक सांगतात. मग ते लोक कोण, त्यांना तुमच्याकडून काय हवंय आणि ते उद्या रस्ता बदलणार आहेत का, यावर सगळं येऊन पडतं.

शालनमावशीच्या शेजारी कुणीच उभं नाही. ती पक्षात नाही, गटात नाही. बचत गट होता तो अध्यक्षीणबाईंच्या भांडणात मोडला. तिची मतं ऐकली तर कॉन्व्हर्सला आनंद झाला असता. लाडकी बहीण चांगली. "पर फुकाट कोण देतंय? दीड हजार हिकडून दिलं आन् त्येलातनं काढून घेतलं," हे त्याच दमात, त्या सप्टेंबरात खाद्यतेलावरचा आयात कर वाढला होता आणि दिवाळीच्या तोंडावर तेल भडकलं होतं. बायकांना एसटीत अर्धं तिकीट चांगलं. पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्यांना फुकट एसटी वाईट, कारण "काम ना धंदा, उगं पंढरपूरला जाऊन येत्यात आन् आमास्नी बसाय जागा न्हाय." कर्जमाफी वाईट, कारण ती बागायतदारांना मिळते. पण काकांची कर्जमाफी चांगली, कारण ते काकूच्या पथ्याचं बघतात. मत कुणाला दिलं? "दिलं की." पुढे बोलत नाही.

मला एकेकाळी वाटायचं की हे खरं शहाणपण, कुणाच्या दावणीला न बांधलेलं. आता तसं वाटत नाही. तिचे मार्च ते मे बेदाण्याच्या शेडवर जातात. गंधकाच्या धुरीचा वास तिच्या लुगड्याला चिकटून यायचा, आईला त्यानं शिंका यायच्या. दिवसभर मांडी घालून बेदाणा निवडायचा: काळा बाजूला, काडी बाजूला, गोल बाजूला. बोटं साखरेनं चिकटून एकमेकांना लागतात, माश्या आणि गांधीलमाश्या हटत नाहीत. तिकडे बाजार समितीच्या सौद्यात व्यापारी माल बघायला मुठी भरून बेदाणा उधळायचे आणि तो पायदळी जायचा, त्यावर शेतकऱ्यांनी आवाज उठवला, बातम्या आल्या, बंदी आली. शेडमधल्या बायकांच्या रोजाची बातमी मी कधी वाचली नाही. गड्याला पाचशे आणि बाईला तीनशे, असं शालनमावशी सांगते. सांगते म्हणजे पावसाबद्दल सांगावं तसं. दीड हजारांवर घरात तासभर वाद झाला, पण हे रोजचे दोनशे कुणाच्याच विषयात नव्हते, तिच्याही. म्हाताऱ्यांच्या फुकट तिकिटात तिला अन्याय दिसतो. स्वतःच्या रोजात दिसला नाही, कारण तो दाखवणारं कुणी तिच्या शेजारी बसलं नाही. राजकारण माणसाला आंधळं करतं हे मामांकडे बघून मला पटतं. राजकारण नसलं की काय होतं हे तिच्याकडे बघून कळतं, आणि त्याचा हिशेब तीन महिन्यांच्या हंगामात दीड हजारांच्या बराच पुढे जातो.

विधानसभेचे निकाल सगळ्यांना ठाऊक आहेत. महायुतीला दोनशे तीस. २०२५ च्या मार्चमधल्या अर्थसंकल्पात एकवीसशे आले नाहीत. तेव्हापासून माझा मित्र रोज विचारतो की बहिणींचे एकवीसशे कुठं आहेत, आणि मामा समजावतात की राज्याच्या तिजोरीला शिस्त हवी, अपात्र नावं कमी व्हायलाच हवीत. मामा आपले २०२२ चे मेसेज परत वापरतायत आणि तू त्यांचं भाऊबीजेचं बोलणं, असं मी मित्राला म्हटलं. त्याला ते आवडलं नाही. मामांना म्हणायचं धाडस मी केलेलं नाही.

२०२५ च्या डिसेंबरात मी तासगावला होते तेव्हा शालनमावशीचं ई-केवायसी अडकलं होतं. पोर्टलला नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार क्रमांक हवा होता, आणि दोघंही केव्हाच वारलेले. मृत्यूचा दाखला अंगणवाडीच्या बाईंकडे द्यायचा असं कुणी म्हणत होतं. महिनाअखेरची मुदत होती आणि ओटीपी येता येत नव्हता. मामा मुद्दाम सांगलीहून आले, पूर्ण तिकीट काढून. चष्मा कपाळावर चढवून, तिचा फुटक्या काचेचा फोन हातात धरून तासभर बसले. ती समोर जमिनीवर, पावशेर लसूण सोलत.

"अण्णा," ती मधेच म्हणाली, "औंदा हंगामाच्या आदी आमी शेडवरच्या समद्या मिळून मालकाला सांगणार हाय. रोज गड्याएवढा पायजे. आमच्या सासूला सरकारी खडीवर गड्याएवढंच मिळत हुतं. आमी काय कमी निवडतो व्हय?"

मी लसणाची पाकळी हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. कुणी सुचवलं, असं विचारलं. "सुचवायचं काय त्येच्यात? ती न्हवं का सांगत हुती मरस्तवर."

मामांनी मान वर केली नाही. "बरोबर आहे की," ते म्हणाले. "सांगा."

"तुमी चला की संगं. मालक तुमच्या बँकेतला. तुमचं ऐकतोय."

"मी?" मामांनी आता चष्मा खाली घेतला. "अगं, तो मालक आणि मजुरांतला व्यवहार. त्यात पक्षाचं काय काम?"

"पक्षाला कोण बोलावतंय? तुमास्नी बोलावतुया."

तेवढ्यात ओटीपी आला. मामांनी तो मोठ्यानं वाचला, एक आकडा चुकीचा दाबला, आणि पुन्हा पहिल्यापासून आधार क्रमांक घालायला घेतला.